शेवट वॉल्व्हपाशी

मागच्या रविवारी सकाळी साडेसात ते दुपारी साडेबारा या वेळात अमळनेरच्या घरी दादाच्या मोटारसायकलचे दोन्ही टायर बदलले. बदलणारे दोघं होतो. एक मी, दुसरी दादाची मुलगी तेजू. गाडी एकोणीस वर्षं मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती.

तेजू एकवीस वर्षांची आहे. धुळ्याला आईजवळ राहते, तिथेच शिकते. दादा, माझा मोठा भाऊ, गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती. नाना, म्हणजे आमचे वडील, गेल्या थंडीत वारले. त्यांचं सामान आवरताना तेजूने ताडपत्री उचलली, टाकीवरची धूळ तळहाताने पुसली आणि म्हणाली, "काका, ही मी नेते."

मेकॅनिक आठवडाभर घरी येत होता. त्याने कार्बोरेटर धुतला, केबली बदलल्या, बॅटरी टाकली. टायरचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, "चाकं माझ्याकडे द्या. दुकानाशेजारीच मशीन आहे. दहा मिनिटांचं काम."

ओट्यावरून आई म्हणाली, "आमना घरनं चाक बाहेर जात नही."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला नुसते टायर आणि ट्यूब आणून द्यायला सांगितलं.

वहिनींना फोनवर कळवलं. "टायर कोण बसवणार?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मी."  मग त्या म्हणाल्या, "बरं."

एकोणीस वर्षांत मी टायर काढायचा लिव्हर हातात धरला नव्हता. जळगावला माझ्याकडे स्कूटर आहे. पंक्चर झाली की ती ढकलत दुकानात नेतो आणि चाक उघडलं जातं तेव्हा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहतो.

चाक घरीच उघडायचं, हा नियम नानांचा. त्याला आणखी एक नियम जोडलेला होता. ज्याला गाडीवर बसून जायचं आहे, त्याने चाकाला हात लावायचा नाही. घरी राहणाऱ्याने ते बसवायचं. "जाणाराले घाई ऱ्हास," नाना म्हणत. "चाक ऱ्हाणारानी बसाडानं." नानांना कुठे जायचं असलं की दादा चाक बसवी. दादाला जायचं असलं की नाना. दोघांना बरोबर जायचं असलं तर आदल्या संध्याकाळी शेवटचा नट आई आवळी. पदर खोचून, पान्याला दोन्ही हातांनी धरून. मग नाना एक टिचकी मारून चाक फिरवीत आणि ते थांबेपर्यंत कोणी बोलत नसे.

नाना तेलाच्या गिरणीत फिटर होते. त्यांच्या अंगाला सरकीच्या तेलाचा आणि गरम पेंडीचा वास येई. सुटीच्या दिवशीही येई. गिरणी बंद पडल्यावर बऱ्याच वर्षांनी तो गेला, आणि नेमका कधी गेला ते कोणालाच सांगता आलं नाही. भोंगा मात्र एका दिवसात थांबला. त्यानंतरही आई भोंग्याच्या वेळेलाच भाकरी टाकायला बसे.

टायरचे दोन लिव्हर नानांनी गिरणीतच केलेले होते. एका ट्रकची कमान मोडली होती, तिच्या पाट्याचे. टोकं त्यांनी सहाणेवर इतकी घासली होती की ती गालावरून फिरवली तरी ओरखडा उठला नसता. हे लिव्हर गिरणीतल्या गाळणीच्या जाड कापडात गुंडाळलेले असत. दसऱ्याला पाटावर ते कापड उलगडलं जाई, वर झेंडूचं एक फूल. बाकी पाने, पकडी, हातोडी यांना मिळून एक फूल, आणि या दोघांना वेगळं.

काढताना वॉल्व्हपासून सुरुवात करायची. बसवताना वॉल्व्हच्या समोरून सुरुवात करायची आणि शेवट वॉल्व्हपाशी. का, ते नाना एकदाच सांगत. शेवटच्या वितीला टायरची कड ताणलेली असते, तिथे लिव्हर लागतो. लिव्हरखाली ट्यूब सापडली तर ती चिमटली जाते. वॉल्व्हपाशी शेवट असला की वॉल्व्ह आत ढकलून ट्यूब वर घेता येते. समोर शेवट केला तर तिथे काय सापडलं ते कळत नाही. "जोर नही लावाना," ते म्हणत. "टायर हट्टी नही ऱ्हास. आपण उतावळा ऱ्हातस."

आमच्याकडे टायर बदलायचा तो शक्यतो वैशाखात. कडक रबर उन्हात नरम पडतं. आई गच्चीवर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घाली, त्यांच्या कडेला कठड्याला टेकवून नवा टायर. दुपारी कावळे हाकलायला वर गेलं की नव्या रबराचा वास आणि ओल्या बिबडीतल्या मिरचीचा, तिळाचा वास एकत्र येई. अर्धवट वाळलेली बिबडी दुमडून खाताना तो रबराचा वास तिच्यात उतरलाय असं वाटे. दादा म्हणे, उतरलाच आहे, म्हणून चावायला इतकी मजा येते.

दोन वाजता नाना टायर खाली आणीत. साबणाचं पाणी घमेल्यात. शंखजिऱ्याची पांढरी पूड चिंधीत बांधलेली. ती ट्यूबवर आपटली की छोटा ढग उठे आणि निंबाच्या सावलीत तरंगत राही. टायरच्या आतून नाना बोटं फिरवीत. डोळे मिटून. बाभळीचा तुटका काटा नखाला लागला की "हाऊ देख," म्हणून आम्हाला हात घालायला लावीत. शेवटी पायपंपाने हवा भरताना टायरची कड रिमला बसे, तिचा आवाज होई. टप्प. बरोबर बसली तर तो आवाज हलका आणि कोरडा येतो. आई चुलीपाशी बसून तो ऐके आणि तेवढ्यावरून चहा ठेवी.

पॅच नाना जुन्या ट्यूबमधून कापीत, आईच्या कात्रीने. चौकोन कापून कोपरे गोल करीत. कोपरा ठेवला की तिथून उचकटतं. सोल्युशन लावून, फुंकर घालून, पॅच चिकटला की त्यावर बॉलपेनने तारीख घालीत. पेन इतकं दाबून धरीत की शाई गेली तरी खाच राहावी. ही सवय गिरणीतली. तिथे प्रत्येक पट्ट्यावर तारीख लागे. दादाने त्याच्या गाडीच्या पुढच्या ट्यूबवरची एक तारीख पाठ केली होती. ती त्याच्या साखरपुड्याच्या दिवसाची. त्या दिवशी पाहुणे घेऊन येताना पंक्चर झालं होतं. "साखरपुडाले बाभयना काटाबी येल व्हता," तो वहिनींना सांगे. "त्याले आहेर द्यानं ऱ्हाई गयं."

दादा फैजपूरला केळीच्या कामावर होता. बागेतून माल उतरवून ट्रक भरून द्यायचा. सोमवारी पहाटे निघे, शनिवारी रात्रीच्या जेवणाला परत. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळा डाग होतो आणि तो कशानेच निघत नाही. त्याचा एकही शर्ट बिनडागाचा नव्हता. लग्नाचासुद्धा. थंडीत तो पांढरट हिरवी मोठी वांगी आणायचा, पिशवीभर, भरितासाठी. अंगणात तुराट्या पेटत, वांगी भाजत, आणि तो तापीच्या पुलावरचा वारा कसा लागतो ते सांगत हात शेकत बसे. त्या धुराचा वास आमच्या स्वेटरांना होळीपर्यंत राही.

एकोणीस वर्षांपूर्वीचा तो रविवार पौषातला होता.

नानांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. डाव्या डोळ्याने त्यांना माणूस ओळखू येई, नट दिसत नसे. वाकायचं नाही, धुळीत बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दादा शनिवारी आला तेव्हा त्याचा पुढचा टायर गुळगुळीत झालेला होता. नवा तो बरोबरच घेऊन आला होता. सोमवारी पहाटे त्याला जायचं होतं. घरी राहणारा मी. वय वीस. त्याच दिवशी दहा वाजता कॉलेजच्या मैदानावर क्रिकेटचा सामना होता आणि मी सलामीला खेळणार होतो.

नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले. "टायर उन्हमा ठेव," म्हणाले. "दहा लगून तपू दे."

मी साडेआठला सुरुवात केली.

दादा दाराच्या चौकटीला टेकून चहा पीत होता. तेजू त्याच्या पायाला मिठी मारून उभी होती. "आज कालेजवाला हात लागना गाडीले," तो म्हणाला. "आते गाडी इंग्रजी बोली."

"तू गप बस," आतून आई म्हणाली. "जाणारानी बोलानंबी नही."

मग तेजू रडायला लागली म्हणून तो तिला घेऊन आत गेला. जुना टायर निघाला. ट्यूब तीच ठेवायची होती, साखरपुड्याच्या पॅचची. ती मी नव्या टायरमध्ये घातली आणि कड आत दाबायला लागलो. वॉल्व्ह हाताशी होता म्हणून वॉल्व्हपासूनच लागलो. अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं की शेवट समोर येणार. सगळं काढून पुन्हा बसवायला अर्धा तास गेला असता. टायर गार आणि कडक होता. शेवटची वीत अडली. दोन्ही लिव्हर लावले, एकावर गुडघा दिला. कड आत गेली.

नानांनी मान वळवली. "आवाज जड उना."

"थंडी शे, नाना."

"शेवट कोठे कया?"

मी म्हणालो, "वॉल्व्हपाशी."

आतून दादाचा आवाज आला, "नाना, डोया झाकीसनबी परीक्षा लेतस तुम्ही."

"तुले जानं शे ना," नाना म्हणाले. "म्हनीसन."

हवा भरली. संध्याकाळपर्यंत ती टिकली. मी दोनदा अंगठ्याने दाबून पाहिलं. सामन्यात मी चार धावा केल्या होत्या.

सोमवारी पहाटे पाच वाजता दादा निघाला. मी जागा होतो, पण पांघरुणातून उठलो नाही. पहिली किक ऐकली, दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. गल्लीच्या वळणावर तो हॉर्न देत असे, आईसाठी. तोही ऐकला. मग कुशीवर वळलो.

चोपड्याच्या पुढे, यावलच्या अलीकडे, सकाळी सातच्या सुमारास. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आहेत. पुढच्या चाकात हवा नव्हती, एवढं पंचनाम्यात होतं. त्याहून जास्त पंचनाम्यात नव्हतं. मी आता वर्तमानपत्रात काम करतो. तालुक्याहून येणाऱ्या अपघाताच्या बातमीत कारण लिहिलेलं असलं आणि ते कोणी सांगितलं हे लिहिलेलं नसलं, तर मी ते ओळीतून काढतो.

नवव्या दिवशी गाडी टेम्पोने घरी आली. ती मागच्या पडवीत उतरवली. अकराव्या दिवशी गंधमुक्ती होऊन सुतक फिटलं, पाहुणे गेले. बाराव्या दिवशी मी वहिनींना आणि तेजूला एसटीने धुळ्याला माहेरी सोडायला गेलो. तेजू वहिनींच्या मांडीवर उभी राहून खिडकीतून पाहत होती. रस्त्यावर मोटारसायकल दिसली की बोट दाखवून "पप्पा" म्हणायची. धुळ्यापर्यंत म्हणत होती. वहिनींनी तिला एकदाही थांबवलं नाही.

संध्याकाळी परतलो तेव्हा नाना मोरीत हात धुत होते. साबण लावून, पुन्हा लावून. घरात कसला तरी उग्र वास होता. आईने उदबत्ती लावली होती. देवापुढे नव्हे, पडवीच्या दारात. मी काही विचारलं नाही. त्या दिवसांत घरात कोणी कोणाला काही विचारत नव्हतं.

जेवताना नाना ताटाकडे पाहत म्हणाले, "चाक खोलीसन देखं. ट्यूब धड शे. टायरमा काई खोट नव्हती."

आई त्यांच्या ताटात भाकरी वाढत होती. तिने ती वाढली आणि आणखी एक वाढली.

त्या वाक्याच्या आधारावर मी राहिलो. शेवट चुकला होता, मी खोटं बोललो होतो, पण ट्यूब धड होती. परीक्षा दिली, नोकरी लागली, जळगावला बिऱ्हाड केलं. नानांनी त्यानंतर चाकाचा विषय काढला नाही. दसऱ्याला ते कापड उलगडत, लिव्हरवर फूल ठेवत. गाडी कोणी विकत मागितली की नाही म्हणत. कारण सांगत नसत. शेवटच्या वर्षी ते माणसांची नावं विसरू लागले. मला एकदा दादाच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली.

मागच्या रविवारी ऊन साडेसातलाच चढलेलं होतं. चैत्राचे शेवटचे दिवस. गच्चीवर आता बिबड्या नसतात, आईला जिना चढवत नाही. नवे टायर अंगणातच भिंतीला टेकवले. निंबाचा मोहर गळत होता, टायरच्या खोबणीत जाऊन बसत होता. तेजूने ओढणी कमरेला बांधली आणि पाना उचलला.

"जाणारानी हात नही लावाना," आई म्हणाली. ती ओट्यावर मेथी निवडत होती.

"आजी, मग मी शिकणार कधी?"

"शिकीसन काय करस? तुना काका शे ना."

"काका जळगावला असतात. काटा धुळ्यात टोचला तर?"

आईने मेथीची काडी मोडली. "फोन करजो."

तेजू हसली. मागचं चाक तिनेच उघडलं. मी सांगत होतो, ती करत होती. गंजलेला आस निघेना तेव्हा गाडीला उद्देशून काहीतरी पुटपुटली, ते धुळ्याच्या कॉलेजमधलं असावं. लिव्हर हातात घेऊन तिने टोकावरून अंगठा फिरवला. "किती मऊ केलंय." वॉल्व्हपासून सुरुवात करून तिने मागचा टायर काढला. वॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून नवा बसवला, शेवट वॉल्व्हपाशी केला. हवा भरताना कड बसली. टप्प. आईने मान वर केली नाही, पण उठून आत गेली, आणि थोड्या वेळाने चहा आला.

साडेदहाला पुढचं चाक घेतलं.

टायर रिमला चिकटून बसला होता. लिव्हर लावताना जुनं रबर तडकत होतं. ट्यूब बाहेर ओढली ती पूड उधळतच आली. एकोणीस वर्षांपूर्वीची शंखजिऱ्याची पूड, तिच्यात थोडा लाल गंज मिसळलेला. तेजूने ट्यूब मांडीवर घेतली. तिला साखरपुड्याच्या पॅचची गोष्ट वहिनींकडून माहीत होती. ती बोटाने चाचपत गेली, वॉल्व्हच्या जवळच तो सापडला. शाई उडून गेली होती. तिने वर पूड चोळली आणि हळूच फुंकर घातली. खाचांत पांढरे आकडे उमटले.

"आजी, सापडला! आईच्या साखरपुड्याचा!"

"काटाले आहेर दे," आई म्हणाली.

तेजू हसत पुढे चाचपत गेली. मी रिम पुसत होतो. तिचं बोट थांबलं ते मला दिसलं. वॉल्व्हच्या नेमकं समोर. तिथे एक पॅच होता. पेराएवढा, चारही कोपरे गोल.

मी तो लावलेला नव्हता. दादाच्या ट्यूबवर एकच पॅच होता. त्या रविवारी मी ती हातांत धरून पाहिली होती.

तेजूने पूड चोळली, फुंकर घातली. आकडे उमटले. आधी तिने मनात वाचले, मग मोठ्याने. मग म्हणाली, "ही तर पप्पांच्या नंतरची आहे. बारावा दिवस."

गंधमुक्तीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती. सातचा आकडा नाना मध्ये आडवी रेघ मारून काढत. तशी रेघ होती.

"कोणी लावला हा? आणि गाडी चालवायचीच नव्हती, तर कशाला लावला?"

मी ओट्याकडे पाहिलं. आई मेथीच निवडत होती. ती म्हणाली, "मंग उदबत्ती मी कसाले लायी व्हती?"

तेव्हा मला तो वास कळला. सोल्युशनचा. पट्टी काढून आठ दिवस झालेल्या डोळ्याने, धुळीत बसायचं नाही असं सांगितलेलं असताना, नानांनी मी धुळ्याला गेल्यावर चाक उघडलं होतं. पॅच कापला, कोपरे गोल केले, चिकटवला, तारीख घातली, टायर परत बसवला. रात्री जेवताना ट्यूब धड आहे असं सांगितलं. ते बोलले तेव्हा ती धड होती.

तेजूला मी सांगितलं. जसं होतं तसं. गार टायर, सामना, शेवट कुठे झाला, नानांनी काय विचारलं, मी काय म्हणालो. सांगायला फार वेळ लागला नाही. ती ट्यूबवरून बोट न काढता ऐकत होती.

"पप्पा निघाले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"अंथरुणात. जागा होतो."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

तिने ट्यूब मांडीवरून उतरवून घमेल्याच्या कडेवर ठेवली. उठली, आत गेली. माठावरचं झाकण वाजलं, पेला वाजला.  आई मेथीच्या काड्या एका बाजूला करत होती. अंगणात टायर तापले होते, त्यांचा वास सुटला होता. मी ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती पाण्यात बुडवली. घडीच्या जागी रबर चिरलं होतं, तिथून बारीक बुडबुडे आले. पॅचपाशी एकही आला नाही. पॅचखाली काय आहे ते मी पाहिलं नाही.

तेजू बाहेर आली ती तोंड धुऊन. नवी ट्यूब तिच्या हातात होती. ती तिने माझ्यापुढे धरली.

"हे चाक तुम्ही बसवा."

"तू बसव. तुला येतंय."

"जाणारी मी आहे, काका."

मी ट्यूब घेतली. पूड लावली. टायरच्या आतून बोटं फिरवली, नवा असूनही. वॉल्व्हच्या समोरून कड दाबायला सुरुवात केली. हाताने जेवढं जातं तेवढं दाबलं, मग लिव्हर घेतला. मध्ये एकदा थांबून लिव्हरचं टोक पुसलं.  शेवटची वीत राहिली तेव्हा वॉल्व्ह आत ढकलला, ट्यूब वर घेतली, तीन बोटांएवढंच अंतर लिव्हरने उचललं. कड आत गेली.

ओट्यावरून आईने विचारलं, "शेवट कोठे कया?"

तेजू माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. तिने वॉल्व्हवर बोट ठेवलं.

"वॉल्व्हपाशी, आजी. मी बघतेय."

हवा तिने भरली. कड बसली. मी चाक गाडीला चढवलं. आई उठली, पदर खोचला, पायऱ्या धरून अंगणात उतरली आणि पुढच्या चाकाचा नट दोन्ही हातांनी आवळला. त्यात आता जोर नव्हता, नंतर मी तो पुन्हा आवळला. तेजूने चाकाला टिचकी मारली. ते थांबेपर्यंत कोणी बोललं नाही.

जुनी ट्यूब टाकायची का, असं मी विचारलं. तेजूने ती पुसून, घडी घालून तिच्या पिशवीत ठेवली. "आईला मी सांगते," म्हणाली. "तुम्ही नाही."

सोमवारी सकाळी ती निघाली. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मी फाटकाशी उभा होतो. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. गल्लीच्या वळणावर तिने हॉर्न दिला.

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी फोन आला. वहिनींचा होता. तेजू धुळ्याला पोचली होती.